नुसते ओठ

लासुर्णे, ७ जुलै २०२५

ती. मंदाआत्यास,
मनिषाचा साष्टांग नमस्कार. फोनवर रडू फुटलं असतं, म्हणून पत्र.

शुक्रवारी बारामतीच्या शिबिरात तू आम्हा बालवाडीच्या बायांना ताटल्या-चमचे वाजवायला लावलेस, तोवर मजा आली. मग म्हणालीस, प्रत्येकीनं मुलांसाठी स्वतःचं गाणं रचून म्हणायचं. मी पाणी प्यायला म्हणून उठले, ती थेट इंदापूरची एसटी धरून घरी आले.

तुला आठवत नसेल. मी तिसरीत, तू आमची बाई. गॅदरिंगच्या आधी म्हणालीस, मनिषा, तू पहिल्या रांगेत उभी राहा, पण गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी गायलेच नाही. पोटच्या समर्थलासुद्धा अंगाईवाचून नुसतं थोपटून वाढवला. वर्गात मोबाइल लावते आणि ओठ हलवते. पोरांना फसवल्यासारखं वाटतं गं. शिबिराच्या २१ तारखेच्या पुढच्या सत्रातून माझं नाव काढ. बालवाडीही सोडावी म्हणते.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे.
तुझी, मनिषा

बारामती, १० जुलै

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद. आठवतं. दरवर्षी तीन-चार जणींना तसं सांगायचे मी. पाहुणे समोर बसलेले, कार्यक्रम नेटका व्हावा, एवढीच अक्कल होती. सगळ्याच बाया तसं करायच्या, पण ती सबब नव्हे. माझं चुकलं, मनू. फार वाईट वाटलं.

नाव मात्र काढणार नाही. तुझे आबा मेंढरांना हाळी घालायचे, ती कुठं सुरात होती? तरी कळप वळायचाच ना! एक दिवस मोबाइल पिशवीत ठेव. नाहीच जमलं तर मीच माझ्या हातानं नाव खोडते.

माया होती, ती आहेच.
तुझी आत्या

लासुर्णे, १५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. काल मोबाइल पिशवीत ठेवला आणि आबांची हाळी दिली. निम्मी पोरं हसली, निम्मी मेंढरं झाली. वैदेही म्हणाली, बाई, तुमाला आवाज हाय व्हय! मग तीच मोठ्यानं गायला लागली, भसाड्या आवाजात. माझं बोट ओठांकडे निघालंच होतं गं. कसंबसं खाली घेतलं, आणि तिच्याबरोबर गायले.

२१ला येते. अट एकच. मी गाईन तेव्हा तू पहिल्या रांगेत उभं राहायचं आणि नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्या कडव्यापासून आवाज काढलास तरी चालेल.

अशीच माया ठेव.
तुझी, मनू