आत्याच्या जावेचा गुडघा

प्रिय आईस,
तुझ्या लेकीचा सातासमुद्रापलीकडून नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस.

इंग्रजी बोलण्याची परीक्षा मात्र परत बोंबलली. ती पास होईपर्यंत नर्सचं काम नाही, वृद्धाश्रमात चादरीच बदलायच्या. परीक्षक बाई म्हणाल्या, “घर सोडलं त्या दिवसाबद्दल दोन मिनिटं सांगा.” मी अगदी तुझ्यासारखी सुरुवात केली. पोचवायला कोण कोण आलं, आत्या कुणाबरोबर आली, तिच्या जावेचा गुडघा कशाने धरला. त्या गुडघ्यापाशीच वेळ संपली! मी अजून घराबाहेरही पडले नव्हते. तुझ्याकडून नेमकं हेच उचलायचं होतं का मी?

शेवटी बाईंनी विचारलं, “आणि तुमची आई?” म्हटलं, ती स्वयंपाकघरातच थांबली, बाहेर आलीच नाही. “का बरं?” इंग्रजी येत होतं गं, उत्तरच माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात परत बसतेय. बाबांचा खोकला कसा आहे? आणि तू का नाही आलीस बाहेर? सविस्तर लिही. आत्याच्या जावेपासून सुरुवात केलीस तरी चालेल.

तुझी चिडकी,
धाकटी