सदऱ्यातला तुझा फोटो

आई, तुला अक्षर येत नव्हतं आणि मलाही येत नाही. म्हणजे हे पत्र मी लिहिणार नाही आणि तू वाचणार नाहीस, अशी एकंदर सोय आहे. नात लिहितेय. मी ओट्यावर बसून शेंगा फोडत सांगते आणि ती मधेच ‘आजी, हळू’ म्हणते. तिला म्हटलं, माझ्या तोंडून येतंय तसंच उतरव. पण ती शिकलेली, ‘हाय’चं ‘आहे’ केल्याशिवाय तिचं पेन पुढं सरकत नाही. असू दे. तू तरी कुठं चुका काढायला बसली आहेस?

तुझा एकच फोटो होता, आठवतो ना? साखर कारखान्यावर आपल्या ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या होत्या आणि एक फोटोवाला सायकलवर फिरत आला होता. सगळ्या बायका पदर सारखा करायला झोपडीत पळाल्या. तू नाही गेलीस. ऊस तोडताना पाचटानं हात चिरू नयेत म्हणून लुगड्यावर दादांचा जुना सदरा घातला होतास, डोक्याला फडकं आणि हातात कोयता. तशीच उभी राहिलीस. मी म्हटलं, “आये, निदान सदरा तरी काढ.” तू म्हणालीस, “का? वरीसभर हाच अंगावर असतो, फोटूपुरतं कुनाला फसवायचं?” मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुढं त्याच हंगामात तुझ्या जावयानं मला त्यांच्या फडात ऊस तोडताना पाहिलं आणि मी पाथर्डीकडची पोर या कालव्याकाठच्या घरात आले. निघताना तू तो फोटो माझ्या पिशवीत घातलास. “ठिव. कुनी इचारलं तर दाव, म्हनावं ही माझी आई.”

मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला. नातवंडांना सांगितलं, माझ्या माहेरी विहीर होती, बैल होते. बैल होतेच की. ते टोळीच्या गाडीला होते एवढं सांगायचं राहिलं. विहीर मात्र मी सांगता सांगताच खोदली.

मागच्या वर्षी या नातीनं ट्रंकेतले जुने फोटो काढून तिच्या टॅबवर उतरवून घेतले. टॅब म्हणजे पाटीएवढा मोबाईल. तुझ्या फोटोला कसर लागली होती, उचलताच त्याचा भुगा झाला. उरला तो टॅबमधलाच. “ही कोण गं?” तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, असेल कुणी.

मग गेल्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले. माणसं चांगली. चहा झाल्यावर नात कपबश्या गोळा करत होती, तेव्हा मुलाची आई माझ्याशेजारी बसून टॅबवर फोटो बघायला लागली. गाय झाली, शिर्डीची सहल झाली, आणि सरकवता सरकवता तू आलीस. “ही कोण हो, सदरा घातलेली?” तिनं सहज विचारलं. तू सांगितलं होतंस ना, कुणी विचारलं तर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या कुणी विचारलं. मी म्हणाले, “आमच्या उसाला आली होती एक बाई. चेहरा बरा, म्हणून ठेवलाय.” आई, यात एक शब्दही खोटा नाही. तू आमच्या उसाला आलीच होतीस. म्हणूनच ते घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी टॅब घेतला. मला अक्षर येत नाही, पण केराच्या बादलीचं चित्र असलं तर ते अंगठाबहाद्दरालाही कळतं. फोटोवर बोट दाबून धरलं की बरोबरची खूण उमटते, हे मी नातीचं बघून शिकले होते. तुझ्यावर बोट धरलं, ते खाली घसरलं तशा सगळ्यांवर खुणा उमटत गेल्या. मला वाटलं, त्या अशाच येत असतील. बादली दाबली. त्यानं अक्षरात काहीतरी विचारलं, मी हो म्हणायचं तिथं दाबलं असावं. तुझ्याबरोबर गाय गेली, शिर्डी गेली, तुझ्या जावयाची शेवटची दिवाळीही गेली.

संध्याकाळी नात रडली. मी म्हणाले, “मला अडाणीला काय कळतंय बाई, बोट लागलं असंल.” तर तिनंच मला जवळ घेतलं. “राहू दे आजी, तुझी काय चूक.” अडाणीपणाचा इतका फायदा मला जन्मात झाला नव्हता.

टॅबच्या बादलीत काही सापडेना. मग ती म्हणाली, प्रत्येक फोटोची एक प्रत इंटरनेटवर जाऊन राहते, तिथून परत आणता येईल. पण खात्याचा पासवर्ड विसरलाय, नवा घ्यावा लागेल, आणि त्याचा नंबर माझ्या फोनवर येईल. खातं उघडलं तेव्हा माझाच फोन घरात होता म्हणे. ती टॅब घेऊन गच्चीवर गेली, कारण रेंज तिथंच येते. मी खाली अंगणात माझा बटणांचा फोन धरून बसले. आकडे मला येतात, एसटीची पाटी आणि फोनची बटणं बघून बघून शिकलेय. फोन वाजला. ती वरून ओरडली, “आजी, सहा आकडे आलेत बघ, वाच मोठ्यानं.” मी वाचले. ती म्हणाली, चुकीचा दाखवतंय. मग खाली आली, फोन स्वतः घेतला आणि हसली. “सातचा एक वाचलास. चष्मा बदल आता.”

फोटो परत यायला लागले. आधी राखाडी चौकोन, मग एकेक माणूस. तू सगळ्यात शेवटी आलीस, सदरा, फडकं, कोयता, सगळ्यासकट. नातीनं टॅब माझ्यासमोर धरला. “आजी, उसाला आलेल्या बाईचा फोटो कुणी पन्नास वर्षं ट्रंकेत ठेवतं का?” मला तोंडावर सांगता येईना. म्हटलं, वही आण, एक पत्र लिहायचंय.

इथं तिनं पेन खाली ठेवलं. शेंगा तशाच पडल्यात. “म्हणजे माझी पणजी,” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “पाहुणे परवा पुन्हा येणार आहेत. फोटो त्यांना मी दाखवू, का तू दाखवतेस?” मी म्हटलं, मी. बघू, त्या वेळी जीभ वळते का.

पत्र कुठं पाठवायचं, असं तिनं विचारलं नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवायला सांगितलंय, तू होतीस त्याच जागी. पण घडी घालण्याआधी एक ओळ राहिली, पोरी, तीही लिही. चष्म्याला काही झालेलं नाही. सात मला सातच दिसला होता.