घाटात व्याह्यांच्या मागे

४ नोव्हेंबर २०२४, नागपूर

उद्या पहाटे निघायचं! सायकलच्या चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले, टायर इतक्या वेळा दाबून पाहिले की सुमती म्हणाली, "आता पिकले असतील, काढा." उभी हयात पाटबंधारे खात्यात कालव्याचे उतार मोजले. आता निवृत्त झालो, आता चढ! सिल्लेवानी, मग तामिया आणि शेवटी पचमढीचा घाट. नागपूरकराला घाट कुठे माहीत? आम्ही उड्डाणपुलावर सराव केलेली माणसं.

सोबत वामनराव. माझ्या वैभवीचे सासरे. इतरांचे व्याही मांडवात मानपान काढून रुसतात. माझ्या व्याह्यांनी मांडवात विचारलं होतं, "इवाईजी, तुमच्या सायकलले गिअर किती?" त्याला चार वर्षं झाली, आमचा रविवार चुकलेला नाही. खरं सांगायचं तर साठीला टेकल्यावर असा दोस्त मिळत नसतो.

सुमतीने डब्यासोबत उपदेशही बांधून दिला: "पोरीच्या बापानं पुढं पुढं करू नये. इवायाच्या मागंच राहाजा."

राहतोच की! रामटेकच्या गडावर जाताना तर रस्त्याची शोभा पाहिल्यासारखं करत मागे राहतो. पाय शिवशिवतात, पण राहतो. जोर असून मागे राहणारा असा येडा सायकलवाला जगात दुसरा नसेल.

वैभवी-दुर्गेश पुण्याहून दिवाळीला आले नाहीत. सुट्टी नाही म्हणे.

५ नोव्हेंबर, सौंसर

सावनेरला तर्री-पोहे, दोन प्लेटा. पुढे सपाट रस्ता, कपाशी, संत्र्यांचे बगीचे. बूड ठणकतंय. बाकी मजा!

६ नोव्हेंबर, छिंदवाडा

सिल्लेवानी घाट चढलो! पण कसा? वामनराव आज फारच हळू. ते हळू म्हणून मी त्याहून हळू. मी मागे पडलो की ते आणखी हळू. सायकल आडवी होणार नाही, एवढाच वेग. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आमच्या बाजूने पुढे निघून गेली! वर वळून म्हणाली, "बाबूजी, उतर के पैदल चलो, जल्दी पहुँचोगे."

बिचाऱ्या वामनरावांचा दम कमी पडतोय बहुतेक. मनात आलं, एकदा, फक्त एकदाच, जीव खाऊन पुढे निघून जावं. मग सुमतीचा चेहरा दिसला.

लॉजवर खिडकीजवळचा पलंग त्यांना दिला. ते म्हणाले, तुम्ही घ्या. मी म्हणालो, छे छे, तुम्ही घ्या. शेवटी तिथे बॅगा ठेवल्या आणि दोघे दाराजवळ झोपलो.

७ नोव्हेंबर, तामिया

इथून दरी काय दिसते! भाजलेले भुट्टे खाल्ले, फोटो काढले. वामनराव पोटावर हात फिरवत म्हणाले, "इवाईजी, पुढच्या वर्षी हिमाचल!" मी लगेच हो म्हणून बसलो.

संध्याकाळी सुमतीचा फोन. वैभवी घरी आली आहे. एकटी, दोन मोठ्या बॅगा घेऊन. दुर्गेश आणि ती वेगळे होणार. भांडण नाही, मारझोड नाही. "वर्षभर पाहिलं, नाही जमत," एवढंच म्हणते. आणि बजावलंय की बाबांनी तिकडे काही बोलू नये, दुर्गेश स्वतःच वडिलांना सांगेल.

वर्षभर पोरगी एकटी सोसत होती आणि मी तिला फोनवर गिअरच्या गोष्टी सांगत होतो.

पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पोरीच्या पाठोपाठ दुसरा विचार वामनरावांचाच आला. हे नातं गेलं तर आमचं काय?

खोलीत आलो तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवणार नाही म्हणाले, पोट बिघडलंय. भुट्टे जास्त झाले असणार.

८ नोव्हेंबर, मटकुली

दिवसभर दोघेही भयंकर गोड बोललो. एकच पेरू उरला होता. "तुम्ही घ्या." "नाही, तुम्ही घ्या." माकडाने घेतला.

९ नोव्हेंबर, पचमढी

एवढ्या मोठ्या घाटाची चार वर्षं स्वप्नं पाहिली आणि आज चढताना घाटाकडे लक्षच नव्हतं. दोघे शेजारी-शेजारी.

वर आल्यावर वामनरावांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. म्हणाले, "इवाईजी, एक सांगाचं आहे. राग नका मानू."

मी म्हणालो, "मले माहीत आहे."

"कवापासून?"

"तामियापासून."

"मीबी तामियापासूनच. पोट नव्हतं बिघडलं माहं."

मग म्हणाले, "पोर गुणाची आहे तुमची." मी म्हणालो, "तुमचा पोरगाही वाईट नाही." आणि दोघांनाही रडू फुटलं. दोन म्हातारे, चकचकीत घट्ट चड्ड्या घालून, रस्त्याच्या कडेला हमसून रडतायत! एक पोरगी मोबाईल घेऊन आली. "अंकल, थोडा साइड में, फोटो में आ रहे हो." सरकलो. सरकल्यावर हसूही आलं.

१० नोव्हेंबर, नागपूर

सायकली बसच्या टपावर टाकून परत. स्टँडवर वामनराव "येतो" म्हणाले. रविवारचं कोणीच काढलं नाही.

१ डिसेंबर

रविवार. सायकल खिळ्याला टांगलेली. सुमतीला विचारलं, जाऊ का? म्हणाली, "आता कोणत्या नात्यानं जाता? लोक काय म्हणतीन?" मेथी निवडली.

१२ जानेवारी २०२५

कागद कोर्टात गेले. वैभवीला इथेच नोकरी लागली. काल भाजी करपली तेव्हा खळखळून हसली. किती दिवसांनी! मीच करपवली होती. रोज करपवीन म्हणालो.

आज एकटाच उड्डाणपुलावर गेलो. मागे राहायला कोणी नव्हतं. सुसाट चढलो. काही मजा आली नाही. करमत नाही त्या माणसाशिवाय. लिहून टाकलं एकदाचं.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी फाटक वाजलं. वामनराव! सुमती पार गोंधळली. दार लावावं की पोहे टाकावे? वैभवीच पुढे झाली. "या ना बाबा." सवयीने बाबाच म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ती माझ्याकडे वळली. "नातं आमचं तुटलं. तुम्ही काहून सायकली टांगून राहिले?"

सुमतीने पोहे टाकले.

खाऊन झाल्यावर वामनराव उठले. "कवडू," म्हणाले. थेट माझ्या नावानं! चार वर्षांचं इवाईजी गळून पडलं! "आता तू पोरीकडचा नाही, मी पोराकडचा नाही. उद्या रामटेक. लाव तुले लावाचा तेवढा जोर."

१६ फेब्रुवारी, रामटेक

जीव तोडून चढलो. चार वर्षं दाबून ठेवलेला सगळा जोर एका चढात काढला.

हरलो! पार धुव्वा! वर पोहोचलो तर वामन अर्ध्या शेंगा संपवून बसलेला.

"मंग... इतके दिवस...?" मला धाप आवरेना.

"घरच्या बाईनं बजावलं होतं ना, पोरीच्या बापाले मागं टाकाचं नाही." त्याने उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. "पाय कसे शिवशिवत माहे, गा!"