वॉचमनच्या खुर्चीतला रविवार

आबा, परवा न्यायाधीशांनी माझा अहवाल मान्य केला आणि कामोठ्यातला एक टेम्पोवाला जेलमध्ये जायचा वाचला. गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरीच ठेवता येईल का, हे कोर्टाला कळवणं ही माझी नोकरी. तुम्ही गेल्यावर लागली, नाहीतर म्हणाला असतात, "चोरांची मास्तरीन झाली."

वाशीच्या मार्केटात तुमच्याच हमालांच्या टोळीतल्या एकानं भांडणात तुमचं डोकं फोडलं होतं. कपाळाला पट्टी बांधून तुम्ही जेवायला बसलाय, त्याला पोलिसात द्या म्हणून मी थयथयाट करतेय, आणि भाकरी मोडता मोडता तुम्ही मला झापताय, "आत घालून काय हुनार? भाईर आला की हितंच येनार हाय. तवा आनखी वंगाळ हुन येईल." टोळीचा रिवाजच होता. चुकलेल्याला परत घ्यायचं, पण त्याच्या पाठीवर पहिली गोण चढवायला हात लावायचा तो ज्याला लागलंय त्यानं. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या गोणीला तुम्ही हात लावलात. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आणि तोच रिवाज मी शहाणी कामोठ्यात चालवायला गेले. पार्किंगवरून टेम्पोवाल्यानं स्वतःच्याच सोसायटीच्या वॉचमनचा हात मोडलेला. दोघांना समोरासमोर बसवलं, चहा मागवला आणि वॉचमनना म्हटलं, "काका, पहिला कप तुम्हीच द्या त्याला." ते उखडलेच. "मॅडम, मार मी खाल्ला, आनी मोठं मन पन मीच दाखवू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिवाज असला तरी तुम्हाला कुणी भाग पाडलं नव्हतं, तुम्ही आपणहून हात लावला होता, हे तेव्हा कुठे टाळक्यात शिरलं. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" म्हणाले, "जेल नको. त्याची पोरं मला काका म्हनतात. दर रविवारी ह्याला माझ्या खुर्चीत बसवा. बघू दे, लोक कसे बोलतात ते." टेम्पोवाला मान खाली घालून हो म्हणाला. कमिटीनं कुरकुरत परवानगी दिली, कोर्टानं वर्षभराची अट घातली.

आज पहिला रविवार. समोरच्या दुकानाच्या आडोशानं मी बघत होते. एका गाडीवाल्यानं काच खाली करून शिवी हासडली. टेम्पोवाला ताडकन उठला. त्यानं गेट उघडलं, गाडी आत जाऊ दिली आणि परत येऊन बसला. तिथेच आडोशाला उभ्या उभ्या मला रडू आलं.

हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून सांगते. तो पुन्हा हात उगारणार नाही याची खात्री आहे, असं मी अहवालात लिहिलंय. खात्री नव्हती, आबा. अजूनही नाही. पुढच्या रविवारीही मी जाणार आहे.