येतो, आबा

सृष्टी,

हे पत्र तुझ्या सासरी धाडणार न्हाय, म्हणून खरं लिहितो.

अँब्युलन्सवर का यायचंय, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी लोकसेवा म्हणालो. खरं कारण तुझे आबा. "शेतीवाल्याला पोरगी देत न्हाय. नोकरी लागल्याबिगर दारात येऊ नको," म्हणाले होते. मला उसाचा ट्रॅक्टर सोडून दुसरं काय येत न्हवतं, म्हणून ड्रायव्हरची नोकरी धरली. ती लागेस्तोवर तुझ्या डोक्यावर दुसऱ्याच्या नावानं अक्षता पडल्या.

काल अंथुर्ण्याहून कॉल आला, तुझ्याच माहेरचा. आबांच्या छातीत कळ आलेली. बारामतीपतोर गाडी कशी पळवली, माझं मला ठाऊक. आज डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मग आत जाऊन भेटलो. आबांनी ओळखलं, "वाचवलंस पोरा" म्हणाले, डोळं पुसलं. निघताना सवयीनं तोंडातून गेलं, "येतो, आबा."

त्यांनी दोन्ही हात जोडले. "नको रं बाबा. तू आता येऊ नको."

रागानं न्हाय म्हणाले. अंगावर हा युनिफॉर्म असताना येतो म्हटलं की माणसं दचकतातच. पण ह्याच्याचसाठी घातला होता गं मी तो.

बरं, जातो.

ऋतिक