उद्दिष्टं, इतिहास आणि बाजारातली मुतारी

३ जानेवारी
संकल्प! आपल्या विदर्भ क्रांतिकारी श्रमिक दलाचा (मूळ) इतिहास आणि उद्दिष्टं महिनाभरात लिहून काढायची. 'मूळ' हे फुटीनंतर जोडलं. सभासद तीन: मी सेक्रेटरी अमरसिंग, जीपवाला धावजी आणि बायको संगीता. तिले कोरमसाठी घेतलं. छोटं पण पोलादी संघटन.

५ जानेवारी
'फूट का पडली' इथं गाडी अडली. धावजीले विचारलं. तो म्हणे, मी त्या दिवशी जीप घेऊन यवतमाळले गेलतो. वहीत तेवढी जागा कोरी सोडून मी पुढं सरकलो.

९ जानेवारी
उद्दिष्ट एक: जगातल्या शोषणाचा अंत. संगीता म्हणे, दारव्ह्याच्या बाजारात बायांसाठी मुतारी नाही, भाजीवाल्या दिवसभर पाणी पीत नाहीत, ते टाका. शुद्ध सुधारणावाद! शांतपणे समजावलं, क्रांती झाली की मुताऱ्या आपोआप होतील.
"तोवर दाबून धराचं काय?" म्हणे.
प्रश्न सैद्धांतिक नसल्यानं उत्तर दिलं नाही.

१७ जानेवारी
घात! धावजीच्या जीपमध्ये बाया भरून तो आणि संगीता नगर परिषदेवर गेले. सेक्रेटरीची परवानगी नाही. झेंडा मात्र दलाचाच. महिनाभरात मुतारी बांधतो असं साहेबानं लेखी दिलं म्हणे. मले कोणी चाल म्हटलं नाही. वरण गरम करून एकटाच जेवलो. राग आला. वाईटही वाटलं.

१८ जानेवारी, सायंकाळ
शिस्त म्हणजे शिस्त. तातडीची बैठक. ठराव: संगीताची हकालपट्टी. भाषण फक्कड झालं. अल्पमतानं बहुमतापुढं मान तुकवलीच पाहिजे, हे टेबलावर हात आपटून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. मग संगीतानं दुरुस्ती मांडली: 'संगीता' काढून तिथं 'अमरसिंग' घालावं.
धावजीचा हात वर. "भाऊ, रागावू नका. हे तुमीच शिकवलं," म्हणे.
निकाल सेक्रेटरीनं वाचायचा असतो. वाचला.

२० जानेवारी
हरकत नाही. नवं दल काढतो. नाव, घटना, घोषणा तयार. ठराव मी मांडला. अनुमोदक मिळून नाही राह्यला.

२३ जानेवारी
दलाच्या हितासाठी मोठं मन केलं, परत घ्या म्हणून अर्ज दिला. दोन सभासदांची शिफारस लागते. नियम माझाच. धावजीनं लगेच सही केली. संगीता भाकरी थापत म्हणाली, बैठकीत पाहू. बैठक कधी, विचारलं. तर सभासद नसलेल्याले सांगता येत नाही म्हणे.

२५ जानेवारी
बैठक आज होती. आमच्याच घरी. मले अंगणात बसवलं.