रोमेनियन नाच आणि नंदनचा सोलो

ओकव्हिल, ४ मार्च २०२४

ती. मृणालिनीताईस,
सा. न. वि. वि.

इथे सगळं ठीक, एक माझं व्हायोलिन सोडून. आमच्या हौशी ऑर्केस्ट्राने मे महिन्यासाठी रोमेनियन लोकनृत्यांवर बेतलेली रचना घेतली आहे. खेड्यातल्या नाचांच्या चाली गोळा करून कुणा संगीतकाराने त्या मैफलीसाठी सजवल्या. सोलो माझ्याकडे! रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझ्यावर काही सोपवलंय. पण कंडक्टरबाई म्हणतात, सूर अचूक आहेत, मात्र एअरपोर्टवरची अनाउन्समेंट ऐकल्यासारखं वाटतं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर सोलो दुसऱ्याला जाईल. तुझ्या भावजयीला, शोभाला सांगितलं, तर ती म्हणाली, देवच पावला. झोप लागत नाही गं.

तुझा धाकटा,
नंदन

कॅल्गरी, ९ मार्च

चि. नंदनास अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग वाईट वाटलं. अरे, आरतीत टाळसुद्धा तू मनात आकडे मोजत वाजवायचास! नाचाची चाल आहे, तर नाचणाऱ्यांना विचार. शेजारच्या व्हिओरिकाबाई रोमेनियाच्याच ना? जा त्यांच्याकडे, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस, चकल्या ने. मी अजून बर्फ शोव्हल करतेय. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते. शोभाला सांग, तुला टोमणे मारण्याचा पहिला हक्क माझा.

जिवाला जप.
ताई

ओकव्हिल, २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चकल्या घेऊन गेलो. माझी पहिलीच ओळ ऐकून व्हिओरिकाबाईंनी कान झाकले, व्हायोलिन काढून घेतलं आणि मला थेट ड्राइव्हवेवर नाचायला उभं केलं. पाय कुठे आपटायचा ते अंगाला कळल्याशिवाय व्हायोलिनच्या गजाला काय डोंबल कळणार, असं त्यांचं म्हणणं. एकमेकांच्या खांद्यांवर हात, अंगात विंटर जॅकेट, आणि तेवढ्यात शोभा ग्रोसरी घेऊन आली! मला वाटलं, संपलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या, जरा वेळ पाहिलं, माझा पाय चुकतोय म्हणाली आणि स्वतःच नाचात शिरली. मग रोज संध्याकाळी आम्ही तिघं. सोलो माझ्याकडेच राहिला.

काल कॉन्सर्ट झाला. वाजवता वाजवता माझा पाय असा आपटला, की म्युझिक स्टँड आडवा आणि पानं सेलोवाल्याच्या मांडीवर. मी डोळे मिटून वाजवतच राहिलो. उघडले, तर शोभा आणि व्हिओरिकाबाई खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचताहेत, त्यांच्यामागे प्रेक्षकांची रांग. शेवटचा नाच पुन्हा वाजवावा लागला. ताई, इतका आनंद मला कुठल्याच प्रमोशनला झाला नव्हता.

आज सकाळी कंडक्टरबाईंचा फोन आला. पुढचा सोलो मलाच, या खात्रीने मी घसा खाकरला. त्यांना शोभा हवी होती, पुढच्या कार्यक्रमात नाचायला. ती लगेच हो म्हणाली. व्हायोलिन कोण वाजवणार, हे विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

माया आहे तशीच ठेव, हसू मात्र थोडं आवर.
नंदन